सुरतेला गेलेला धोटा

हे लिहायला बसताना आधी माफी मागतो. आत्मकथन लिहावं एवढं माझं वय झालेलं नाही, आणि कर्तृत्व तर नाहीच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. त्याआधी आमच्याकडे लिहिणं म्हणजे आण्णांनी मागावरच्या सुताच्या बीमवर खडूने केलेली खूण, नाहीतर गॅस आला त्या तारखेभोवती आईने काढलेला गोल. त्यामुळे आपण चार पानं लिहावीत आणि ती दुसऱ्याने वेळ काढून वाचावीत, ही अपेक्षा मला अजूनही आगाऊपणाची वाटते. शिवाय सांगायचंय ते एका कबड्डीच्या टीमबद्दल, आणि ती टीमही आता आमची राहिलेली नाही. माझ्या तरुणपणातली ठळक गोष्ट एवढीच, की मी एका माणसाच्या खांद्यावर एक कापड ठेवलं. ते ठेवायला नको होतं.

आम्ही इचलकरंजीचे. आण्णा, माझे वडील, यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारे. गल्लीत आमच्या दोन खोल्या आणि चारही बाजूंना कारखाने. मागांच्या खटखटीची आम्हाला इतकी सवय होती की वीज गेली आणि ती थांबली की तान्ही मुलं दचकून रडायला लागायची. आई घरीच कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. तिच्या कांडीमशीनचा बारीक घर्रर्र आवाज आणि बाहेरच्या मागांचा जाड आवाज यांच्यामध्ये बसून मी दहावीचा, मग डिप्लोमाचा, मग इंजिनियरिंगचा अभ्यास केला. जेवताना काही मागायचं तर हाताच्या खुणेने. भाकरी हवी असेल तर दोन्ही तळवे थापल्यासारखे करायचे, खर्डा हवा असेल तर जीभ बाहेर काढायची. पुढे शिकायला सिंगापूरला आल्यावर पहिल्या आठवड्यात मी एकदा, ज्यांच्या घरी राहायचो त्या मेधाकाकूंसमोर चुकून दोन्ही तळवे थापले. त्यांना वाटलं मी टाळ्या वाजवतोय. "एवढी आवडली का भाजी?" असं त्यांनी विचारलं.

मी इंजिनियरिंगला असताना गावाला टीम मिळाली. नवी लीग निघाली होती, प्रत्येक शहराची एक टीम, प्रत्येक टीमला एक मालक. आमचे मालक वाघोलीकर साहेब, मूळचे पुण्याचे, राहायला सिंगापूरला. त्यांनी जर्सीवर इंग्रजीत 'शटलर्स' छापून घेतलं. शटल म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा-आणणारा धोटा, हा त्यांचा हेतू चांगला होता. पण शटलर म्हणजे बॅडमिंटन खेळणारा, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. गावाने ते नाव कधी तोंडात घेतलं नाही. आमच्यासाठी ती टीम म्हणजे 'धोटा'. आण्णांना तर हे नाव फारच पटलं होतं. चढाईला जाणारा खेळाडू बघितला की ते म्हणायचे, "बघ, मध्यरेषा ओलांडून गेला, त्या कडेला शिवला, आणि परत आला. न्हाई आला तर धागा तुटला." आईला खेळातलं काही कळत नव्हतं, पण सामन्याचा निकाल आमच्या आधी तिला कळायचा. इनडोअर हॉल दोन गल्ल्या सोडून होता. सामन्याच्या दिवशी कारखानदार संध्याकाळी माग बंद ठेवायचे आणि त्या अनोळखी शांततेत हॉलमधला गलका थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा. गलका तुटक आला की आई म्हणायची, "पकडला वाटतं आपला." लांबत गेला की ती कांडीमशीन बंद करून भडंग परतायला घ्यायची. जिंकून आलेली माणसं भुकेली असतात, असं तिचं मत होतं.

पुढे मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी मास्टर्ससाठी सिंगापूरला आलो. हॉस्टेल परवडत नव्हतं. ओळखीतून सबनीसकाकांच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटमधली मागची खोली मिळाली. सबनीसकाका चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत होते, म्हणजे घर बेटाच्या एका टोकाला आणि ऑफिस दुसऱ्या टोकाला. एमआरटीतल्या, म्हणजे इथल्या मेट्रोतल्या, त्या प्रवासात त्यांचं रोज एक वर्तमानपत्र आणि एक झोप व्हायची. मेधाकाकू घर आणि सणवार सांभाळायच्या. त्यांची दहा वर्षांची ईरा माझं मराठी ऐकून हसायची. "दादा, you talk like fighting lah," असं ती म्हणायची, आणि काकू तिला "मराठीत बोल" म्हणून दटावायच्या. सकाळी शेजारच्या घरातून कोळंबीच्या चटणीचा उग्र वास यायचा, आमच्याकडून फोडणीचा जायचा, आणि लिफ्टपाशी दोन्ही वास एकमेकांत मिसळायचे. मला तिथे काही कमी नव्हतं. पण एवढी शांतता मला झेपत नव्हती. बाराव्या मजल्यावर फक्त पंखा आणि लांबून जाणाऱ्या गाडीची घरघर. मी टेबलाशी बसायचो, उठायचो, खिडकीपर्यंत जायचो, परत बसायचो. धोट्याचे सामने मोबाईलवर लावून ठेवायचो, बघण्यापेक्षा ऐकण्यासाठी.

टीम हलणार ही बातमी मला आधी मोबाईलवरच दिसली. पुढच्या मोसमापासून धोटा सुरतेचा होणार होता. जर्सी तीच, खेळाडू बरेचसे तेच, फक्त गाव दुसरं. मी लगेच घरी फोन लावला. मागे कारखान्याचा आवाज होता, त्यामुळे आण्णा ओरडूनच बोलत होते, पण त्या दिवशी आवाज थांबला असता तरी ते तसेच बोलले असते.

"आधी कापडाची कामं सुरतेला गेली," ते म्हणाले, "आता टीम पण चालली. आमचं काय, नुसतं बघत बसायचं?"

गाव खवळलं होतं. पोरांनी आपापल्या जर्स्या हॉलच्या फाटकाला बांधल्या होत्या. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने टीमच्या रंगात रंगवलेला गाडा पॉलिशपेपरने घासून काढला होता. काहींना मालकाचा पुतळा जाळायचा होता. आण्णांनी त्यांना थांबवलं. "पुतळा जाळून काय हुतंय? त्यो बसलाय तिकडं सिंगापूरला, त्याला धूरबी दिसणार न्हाई. त्याच्या हातात पडंल असं काय तरी पायजे." आणि मग त्यांना आठवलं, की सिंगापूरला आपलाही एक माणूस आहे.

त्यांनी एक कापड विणून घेतलं. पांढरं, जाड, किनार टीमच्या रंगाची, मरून आणि पिवळी. कारखान्याच्या ओट्यावर ते चार दिवस अंथरलेलं होतं आणि येणारा-जाणारा त्याच्यावर सही करत होता. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठा उठवला. सगळ्यात वर काय लिहिलंय ते आण्णांनी मला फोनवर सांगितलं नाही. मेधाकाकूंच्या आई पुण्याहून सिंगापूरला येणार होत्या. आण्णा एसटीने पुण्याला गेले, त्यांच्या दारात कापड आणि भडंगाची पिशवी दिली आणि चहा न घेता परत फिरले. "बस म्हटलं तर बसले नाहीत," आजी मला सांगत होत्या. "चपला काढायला लागतील म्हणून उंबऱ्याबाहेरच उभे."

कापडाची शालीएवढी चौकोनी घडी होती, सह्या आतल्या बाजूला, आणि सुताच्या दोऱ्याने आडवी-उभी गाठ. आण्णांचा फोन आला. "घडी मोडू नको. त्यानंच मोडायची. दोन वाक्यं बोल आणि हातात दे. जमंल न्हवं?" मी हो म्हणालो. पहिल्यांदाच त्यांनी मला त्यांच्या जगातलं काम दिलं होतं. तोवर माझी सगळी कामं पुस्तकातली होती आणि त्या कामांविषयी ते कधी काही विचारत नसत.

वाघोलीकर साहेब इथल्या मराठी लोकांच्या दिवाळी फराळाला प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते, आणि आयोजकांत सबनीसकाका होते. इथे माझी खरी चूक झाली. काकांना मी सरळ सांगायला हवं होतं की हे निषेधाचं कापड आहे. पण मी त्यांच्या घरात राहत होतो, त्यांच्या ताटात जेवत होतो. त्यांच्या कार्यक्रमात, त्यांच्या पाहुण्यासमोर मी असं काही करणार हे सांगायची जीभ होईना. तीन दिवस मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन पाणी पिऊन परत येत होतो. शेवटी म्हणालो, "काकू, गावाहून साहेबांसाठी एक कापड पाठवलंय. स्टेजवर द्यायला मिळेल का?"

"अगं बाई, किती छान," काकू म्हणाल्या. "मी सांगते ह्यांना."

हॉल भरला होता. चकल्यांचा वास, सिल्कच्या साड्या, कडाक्याचा एसी. माझ्या खिशात दोन वाक्यं लिहिलेला कागद होता. साहेबांचं भाषण झालं. बोलले चांगलं, मातीशी नातं वगैरे. मग निवेदिका म्हणाली, "आणि आता इचलकरंजीचा आपला विद्यार्थी संदीप, आपल्या गावच्या कापडाने साहेबांचा सत्कार करणार आहे." टाळ्या झाल्या. मी पायऱ्या चढलो. साहेबांनी माझ्या हातातली घडी बघितली आणि सवयीने मान पुढे केली. सत्काराची सवय असलेली माणसं शाल दिसली की मान पुढे करतातच. आणि आमच्याकडच्या माणसासमोर कुणी मान पुढे केली की त्याचे हात काय करणार? लग्नात, जत्रेत, कुस्तीच्या मैदानात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी हे लहानपणापासून बघत आलो होतो. माझे हात आपोआप वर गेले. दोऱ्यासकट ती घडी मी त्यांच्या खांद्यावर ठेवली. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण ते वडीलधारे होते, म्हणून मी वाकलोसुद्धा. त्यांनी पाठीवर हात ठेवला. "यशस्वी हो," ते म्हणाले. काकूंनी तेवढ्यात फोटो काढला.

खिशातली दोन वाक्यं तशीच परत आली.

आत्ता हे लिहितानाही मी एकदा खुर्चीतून उठलो. त्या वाकण्याचा विचार आला की मला बसवत नाही.

काकूंनी तो फोटो कौतुकाने ग्रुपवर टाकला, तिथून तो पुण्याला गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इचलकरंजीला पोचला. मरून-पिवळी किनार सगळ्यांनी ओळखली. चहाच्या गाड्यावर आण्णांना ऐकवलं गेलं, ते मला आईकडून कळलं. "जॉबर, आमच्या सह्या पांघरल्या की हो मालकानं. थंडी लागालती काय त्याला?" दुसरा म्हणाला, "पोरगं हुशार हाय, नोकरी पक्की केली." त्या दिवसापासून आण्णांनी तो गाडा सोडला आणि चहा घरी प्यायला लागले. आमच्या घरी आण्णा घरी चहा पितात याचा अर्थ काय, ते आईला आणि मलाच कळू शकतं.

मी फोन केला तर म्हणाले, "जेवलास काय?" मी म्हणालो, "हो. आण्णा, ऐका तरी..." तोवर फोन आईच्या हातात गेलेला.

मेधाकाकूंना मी सगळं सांगितलं तेव्हा त्या पोळपाटावरचा हात तसाच ठेवून उभ्या राहिल्या. "अरे, पण मला का नाही बोललास?" त्यांनी विचारलं. ईरा म्हणाली, "Just go tell the uncle lah. Say wrong already." तिच्या जगात इतकं सोपं होतं. पण मला ते पटलं. कापड कशासाठी होतं, ते तरी खरं सांगून यावं.

मालकांचं ऑफिस तांजोंग पगारला एका उंच इमारतीत होतं. मी तीनदा गेलो. पहिल्यांदा लिफ्टपर्यंत जाऊन परत आलो. दुसऱ्यांदा वर गेलो तर साहेब परदेशी होते. तिसऱ्यांदा रिसेप्शनमधल्या मुलीने बसायला सांगितलं, आणि बसलो तर समोरच काचेच्या पेटीत आमचं कापड. तीच चौकोनी घडी, किनार बाहेर. खाली छोटी पाटी, इंग्रजीत, चाहत्यांकडून सप्रेम वगैरे. दोरा मात्र बदलला होता. सुताच्या दोऱ्याच्या जागी सोनेरी रिबन.

साहेब स्वतः बाहेर आले. "अरे संदीप ना तू? ये."

मी उभा राहिलो. "सर, तो सत्कार नव्हता."

ते शेजारच्या खुर्चीवर बसले, माझ्या बाजूला, आतमध्ये न नेता. "माहीत आहे," ते म्हणाले. "घरी जाऊन उलगडलं मी."

"मग असं का ठेवलंय?"

"बाहेरून छान दिसतं. लोक येतात इथे." त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "हे बघ, टीम घेतली ती मी गावासाठी घेतली नव्हती. लोकांना तसं वाटलं. मी वाटू दिलं. तेवढी माझी चूक."

"हे तुम्ही तिकडे येऊन सांगा ना सर."

"आता येऊन काय होणार? तूच सांग."

माझ्या तोंडातून भलतंच निघालं. "सर, आत वर काय लिहिलंय?"

"तू वाचलं नाहीस?"

"आण्णा म्हणाले, घडी तुम्हीच मोडायची."

त्यांनी एकदा पेटीकडे बघितलं. मला वाटलं आता उठून उघडतील. पण आतून कुणीतरी त्यांना बोलवायला आलं. त्यांनी उठताना माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "लिहिलंय, आमची टीम आमच्याजवळ राहू द्या. एवढंच." आणि मी, दोन्ही हात जोडून, "थँक यू सर" म्हणालो.

त्या संध्याकाळी आण्णांनी कधी नव्हे ते माझं सगळं ऐकून घेतलं. पेटी, रिबन, मालक काय म्हणाला ते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "आणि तू काय म्हणालास?"

खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं. "थँक यू म्हणालो," मी सांगितलं.

"हं. घे, आईशी बोल."

टीम सुरतेला गेली. मला नोकरी लागली, इथेच, आणि आता सबनीसकाकांसारखाच मीही बेटाच्या या टोकावरून त्या टोकाला चांगीला जातो. ईरा कॉलेजात आहे आणि मला "दादा"च म्हणते. गावी गेलो की आण्णा स्टँडवर घ्यायला येतात, बॅग उचलतात, जेवायला बसवतात. पण टीमचा विषय आमच्यात निघत नाही, आणि त्यानंतर त्यांनी मला कधी कुठलं काम सांगितलं नाही. औषध आणायचं असलं तरी शेजारच्याला सांगतात. एकदा मी म्हणालो, "मी आणतो की." तर म्हणाले, "तू बस. दमून आलायस." सुट्टी घेऊन इतक्या लांबून आलेल्या माणसाला बसून राहायला लावणं ही केवढी शिक्षा आहे, ते मला माहीत आहे. मी त्या दोन खोल्यांमध्ये येरझारा घालत राहतो आणि आई म्हणते, "एका जागी बस की रे, धोट्यागत काय करालायस." मग तिचं तिलाच कळतं आणि ती आत जाते.

गेल्या महिन्यात मी ऑफिसच्या खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या हॉलमध्ये, दुपारचं जेवत होतो. फोन वाजला. आण्णांचा. ते आपणहून फोन करत नाहीत, म्हणून मी चमचा खाली ठेवला.

"बिझी हायस काय?"

"नाही आण्णा. आई बरी आहे ना?"

"बरी हाय. ऐक. टीम सुरतेतनं पण हलवालेत. कळलं काय तुला?"

मला कळलं नव्हतं. मी बातम्या बघणं कधीच सोडलं होतं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "मग चांगली अद्दल घडली की त्यांना."

"त्यांना कशाची अद्दल? त्या पोरांनी काय केलंय? परवा त्यांच्यातल्या एकाचा फोन आलता सुरतेतनं. फाटकाला जर्स्या बांधल्यात म्हणं त्यांनीबी." मागे माग चालू होते, पण ते ओरडत नव्हते, मोबाईल तोंडाजवळ धरून बोलत असावेत. "तुझा फोटो बघितलाय त्यानं. ते कापड. तसलंच पायजे म्हणाला."

"सुरतेत कापडाला काय तोटा, आण्णा?"

"तेच म्हणालो मी. तर म्हणतोय, तुमच्याच मागावरचं पायजे. त्यांची माणसं येऊन सह्या करून जाणारायत. सकाळीच बीम चढवलंय."

समोरच्या ताटातला भात निवत होता.

"त्यो मालक तिथंच हाय न्हवं अजून?"

"आहे. तांजोंग पगारलाच."

"मग पुण्यात कुणाकडं आणून देऊ, तेवढं बघ आणि सांग." मला वाटलं फोन ठेवतील. पण मागांचा आवाज येतच राहिला, आणि मग ते म्हणाले, "आणि ह्या खेपेला उलगडून दे."